थायलंडच्या बेटांवर कमी खर्चात फिरताय? या चुका टाळा

दक्षिण थायलंडला दोन समुद्र आहेत, आणि पहिली चूक तिथेच होते. पश्चिमेला अंदमान समुद्रात फुकेत, को फी फी, को लांता. पूर्वेला थायलंडच्या आखातात को समुई, को फांगान, को ताओ. ('को' म्हणजे बेट.) दोन्हीकडचा पावसाळा वेगळा. अंदमानच्या बाजूला पाऊस मे ते ऑक्टोबर, तर आखातात ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यातही नोव्हेंबर सगळ्यात वाईट. आपल्या सुट्ट्या नेमक्या या महिन्यांत येतात. म्हणून मे महिन्यात निघणार असाल तर समुई-ताओची बाजू धरा. दिवाळी उलटून गेल्यावर, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात जाणार असाल तर अंदमानकडची, क्राबी-लांताची. फी फीजवळचा माया बे हा किनारा अलीकडे दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंद असतो, तेवढंही लक्षात ठेवा.

दुसरी चूक मला सगळ्यात महाग वाटते: एका आठवड्यात चार-पाच बेटं. हॉस्टेलच्या भाड्यात थोडेफार पैसे वाचवायला लोक तासन् तास घालवतात आणि मग दर दुसऱ्या दिवशी बेट बदलतात. प्रत्येक वेळी धक्क्यापर्यंतची मिनीबस, फेरीबोट, पलीकडे उतरल्यावर टॅक्सी, आणि अर्धा दिवस हातचा जातो. फुकेतहून को ताओ नकाशावर जवळ दिसतं. प्रत्यक्षात सगळा भूभाग ओलांडून पूर्व किनारा गाठायचा, मग बोट. पूर्ण दिवस गेलाच. एक किनारा निवडा आणि त्यावरची दोन बेटं करा. बँकॉकहून रात्रीच्या ट्रेनचा बर्थ घेतलात तर एका रात्रीचं भाडंही वाचतं. समुई-फांगानसाठी सुरात थानी, ताओसाठी चुम्फोन. सुरात थानीचं स्टेशन मात्र शहराबाहेर फुनफिनला आहे आणि बोटी सुटतात तो डोन साकचा धक्का तिथून बराच दूर; तेव्हा ट्रेन-बस-फेरी असं एकत्र तिकीट काढलेलं बरं. जानेवारी २०२३ पासून दक्षिणेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या बँकॉकच्या क्रुंग थेप अपिवात स्टेशनवरून सुटतात. जुनी माहिती वाचून हुआ लाम्फोंग या जुन्या स्टेशनवर गेलात तर गाडी चुकेल.

स्कूटर घ्यायची तर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्या आणि त्यात दुचाकीची नोंद आहे ना, बघा. परवान्याशिवाय अपघात झाला तर प्रवास विमा बहुधा हात वर करतो, आणि हॉस्पिटलचं बिल अख्ख्या सहलीपेक्षा मोठं होऊ शकतं. पासपोर्ट गहाण ठेवू नका, रोख डिपॉझिट द्या. गाडी ताब्यात घेण्याआधी तिच्यावरच्या प्रत्येक ओरखड्याचा व्हिडिओ काढा. परत देताना भलत्याच नुकसानीचे पैसे मागितले तर तो दाखवा. ऐकत नसतील तर टुरिस्ट पोलिसांना ११५५ वर फोन करा. हेल्मेट घालाच. फांगानचे काही चढ फार तीव्र आहेत आणि वळणावर वाळू साचलेली असते.

परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी २०० बाहतपेक्षा जास्त शुल्क कापतं, मग रक्कम कितीही असो. थोडे थोडे काढू नका. मशीनने रुपयांत हिशोब करू का असं विचारलं तर नकार द्या, बाहतमध्येच होऊ द्या.

लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरू नका, समुद्र कितीही शांत दिसो. पाणी आत ओढू लागलंच तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडा. समुई-फांगानच्या अनेक किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या दिसतील. त्या बॉक्स जेलीफिशसाठी आहेत. डंख झाल्यास जागा चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. व्हिनेगर निदान अर्धा मिनिट ओतत राहा आणि १६६९ वर रुग्णवाहिका बोलवा.

मे २०२५ पासून थायलंडमध्ये शिरण्याआधी तीन दिवसांच्या आत डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते मोफत आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नव्हे.

आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री बेटावर मुक्काम नको. वारा सुटला की फेरीबोटी रद्द होतात, आणि चुकलेल्या विमानाचे पैसे बोटवाले देत नाहीत.