सोसायटीच्या सर्व्हरवर डिस्क व्यवस्थापनाची साधने बसवण्यापूर्वीची तयारी

गेल्या वर्षी जुलैमध्ये खानापूर तालुक्यातील एका सौहार्द सोसायटीच्या सर्व्हरवर मी दोन डिस्कांची रेड जोडणी (दोन्हींवर तोच डेटा ठेवणारी) करून दिली, सर्व काही चालू असल्याचे पाहून संध्याकाळच्या बसने बेळगावला परतलो, आणि चौथ्याच रात्री पावसात वीज गेली. यूपीएसची बॅटरी संपली. पहाटे वीज आल्यावर सर्व्हर सुरू झाला, दीड मिनिट थांबला आणि इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत, अडकून पडला. मी पोहोचेपर्यंत पिग्मी गोळा करणारे एजंट आपापली यंत्रे घेऊन दुपारपर्यंत ताटकळत होते. डेटा पूर्ण शाबूत होता. राहिला होता तो फक्त ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ हा एक आदेश, आणि तो देण्यास मी विसरलो होतो. तो या यादीत पुन्हा पुन्हा येईल, कारण बाकीच्या बहुतेक चुका कामाच्या वेळीच दिसतात, ही मात्र पुढच्या रीबूटपर्यंत दिसत नाही.

येथे लिहिलेले डेबियन किंवा उबंटू या लिनक्स सर्व्हरसाठी आहे. ऑपरेटिंग सिस्टिम वेगळ्या लहान एसएसडीवर आणि डेटा दोन मोठ्या डिस्कांवर, अशी मांडणी मी गृहीत धरतो.

बॅकअप घ्यावा आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावा. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, यावर अधिक लिहीत नाही. कीबोर्ड, मॉनिटर आणि प्रशासकाचा पासवर्ड हाताशी असावा.

एमडीॲडम (रेड जोडणीसाठी), एलव्हीएम२ (डिस्कची जागा वाटण्यासाठी) आणि स्मार्टमाँटूल्स (डिस्कमधल्या स्मार्ट या स्वतपासणीच्या नोंदी वाचण्यासाठी) ही तीन पॅकेजे, त्यांना लागणाऱ्या इतर पॅकेजांसह, निघण्यापूर्वीच पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. खानापुराच्या बाजूला पावसाळ्यात इंटरनेट केव्हा जाईल याचा भरवसा नाही. सर्व्हरवर जी आवृत्ती आहे त्याच आवृत्तीची पॅकेजे घ्यावीत, नाहीतर अवलंबित पॅकेजे जुळवण्यातच दिवस जातो.

डिस्का घरीच तपासाव्यात. स्मार्टची लहान चाचणी काही मिनिटांत होते, पण मोठ्या चाचणीला चार टीबीच्या डिस्कवर कित्येक तास लागतात. म्हणून ती आदल्या रात्री लावून ठेवावी आणि सकाळी पाचव्या व एकशे सत्त्याण्णवाव्या क्रमांकाच्या नोंदी पाहाव्यात. पहिली बदललेले सेक्टर (डिस्कवरचे लहान कप्पे) दाखवते, दुसरी संशयित. नव्या डिस्कवर या दोन्ही शून्यच हव्यात. नसतील तर डिस्क दुकानदाराला परत द्यावी आणि त्याच्याशी वाद घालत बसू नये. एसएमआर पद्धतीच्या (माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) डिस्का रेडसाठी घेऊ नयेत, कारण एक डिस्क बदलून जोडणी पुन्हा भरताना त्या अतिशय मंदावतात आणि कधी कधी जोडणीतून बाहेरही फेकल्या जातात. प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून तिच्या खणावर चिकटवावा, आणि डावी-उजवी हे शब्द मराठीत व कन्नडमध्ये दोन्हीकडे लिहावेत. अडचणीच्या वेळी फोनवर कोणता कर्मचारी असेल हे आपल्याला ठाऊक नसते, आणि चुकीची डिस्क बाहेर ओढली गेली तर पुढचे सगळे अवघड होते.

जुन्या खुणा पुसणारा वाइपएफएस हा आदेश देण्यापूर्वी अनुक्रमांक चिठ्ठीशी ताडून पाहावा. एसडीए, एसडीबी ही नावे रीबूटनंतर बदलू शकतात, त्यामुळे काल पाहिलेल्या नावावर आज विसंबू नये. डिस्क दोन टीबीपेक्षा मोठी असल्यास विभागणी जीपीटी पद्धतीचीच हवी.

मग एमडीॲडमने रेड वन जोडणी करावी. चार टीबीच्या डिस्का पहिल्यांदा एकमेकींशी जुळायला सात-आठ तास सहज लागतात. त्या काळात जोडणी वापरता येते, म्हणून नुसते बसून राहण्याचे कारण नाही.

आता तो आदेश. जोडणीची माहिती एमडीॲडमच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये लिहिल्यानंतर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ चालवावा. फाइल मीही लिहिली होती, तेवढ्याने भागत नाही. यंत्र सुरू होताना कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रथम इनिटरॅमएफएस ही छोटी तात्पुरती व्यवस्था मेमरीत उघडतो, आणि तिच्यात त्या फाइलची स्वतःची प्रत असते, जी ती व्यवस्था बांधली तेव्हाची असते. आपण मूळ फाइल बदलली तरी आतली प्रत जुनीच राहते. जोडणी जमवण्याचे काम त्या जुन्या प्रतीवरून झाले, तिच्यात आमच्या जोडणीचे नाव नव्हते, म्हणून एमडी० ऐवजी एमडी१२७ असे नाव पडले. एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत, मी एमडी० लिहिले होते. यंत्रातल्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीने त्या नावाची नव्वद सेकंद वाट पाहिली आणि यंत्र थांबवले.

काही जणांना हा अनुभव येत नाही, याचे कारण मधल्या काळात कर्नलचे अपडेट झाले की नवा इनिटरॅमएफएस आपोआप बांधला जातो. तो योगायोग असतो, त्यावर विसंबू नये. शंका असल्यास ‘अनएमकेइनिटरॅमएफएस’ने ती व्यवस्था उलगडून आतली कॉन्फिगरेशन फाइल डोळ्यांनी वाचावी, मी आता प्रत्येक वेळी वाचतो.

एलव्हीएमचे काम सोपे आहे, पण व्हॉल्यूम ग्रुपमधली, म्हणजे व्हॉल्यूम कापून देण्याच्या साठ्यातली, सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटून टाकू नये. व्हॉल्यूम नंतर चालू स्थितीत वाढवता येतो. लहान करणे ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये तो अनमाउंट करूनच (वापरातून काढूनच) होते आणि एक्सएफएसमध्ये होतच नाही. ईएक्सटी४ पाच टक्के जागा रूटसाठी (प्रशासकाच्या खात्यासाठी) राखून ठेवते, म्हणजे चार टीबीत सुमारे दोनशे जीबी, म्हणून डेटाच्या व्हॉल्यूमवर ती एक टक्क्यावर आणावी. आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. या दोन्ही फाइल सिस्टिममध्ये फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत मराठीचे किंवा कन्नडचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, तीन बाइट घेते. म्हणजे हाताशी जेमतेम ८५ चिन्हे उरतात. ठरावांच्या आणि परिपत्रकांच्या फाइलींना अख्खे वाक्य नाव म्हणून देण्याची सवय असलेल्या कार्यालयात विंडोजवरून नकल करताना अशा फाइली अडतात. त्या आधीच शोधून त्यांची नावे लहान करून घ्यावीत.

एफएसटॅबमध्ये एमडी० सारखे नाव लिहू नये, यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा न बदलणारा ओळख क्रमांक) लिहावा आणि सोबत ‘नोफेल’ द्यावे. मात्र ‘नोफेल’ दिल्यावर डिस्क जोडली गेली नाही तरी यंत्र सुरू होते आणि हिशोबाचे सॉफ्टवेअर रिकाम्या फोल्डरमध्ये लिहू लागते. म्हणून डिस्क माउंट करण्यापूर्वीच त्या रिकाम्या फोल्डरला ‘चॅटर’ने न बदलणारे करून ठेवावे. यूयूआयडी असल्यावर नाव बदलले तरी चालते, मग तो आदेश कशाला, असे कोणी विचारेल. डिस्क बदलायची वेळ येईल तेव्हा आपण लिहून ठेवलेले जोडणीचे नाव आणि पडद्यावरचे नाव एकच असावे यासाठी तो द्यायचा आहे. तेव्हा अपडेट-इनिटरॅमएफएस चालवा. एमडीॲडमच्या फाइलमध्ये इशाऱ्यासाठी ईमेल पत्ता जोडला, पुन्हा चालवा. एक अक्षर बदलले, तरी पुन्हा चालवा.

ईमेल इशाऱ्याची चाचणी एमडीॲडमच्या मॉनिटरने घ्यावी. डिस्कांच्या स्मार्ट नोंदींवर लक्ष ठेवणारा स्मार्टडी चालू करावा. यूपीएसची बॅटरी पाहावी.

निघण्यापूर्वी, बस चुकली तरी, स्वतःच्या समोर रीबूट करावे, मॉनिटरवर लॉगिन येईपर्यंत थांबावे, आणि जोडणीची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये नाव एमडी० आहे व पुढच्या कंसात दोन्ही यू आहेत हे पाहावे. पहिली जुळणी अजून चालू असेल तर दोन्ही यूंखाली रीसिंकची टक्केवारी दिसेल. तेव्हा मुक्काम करून सकाळी पुन्हा पाहावे.