ॲस्टोरियाची एक गल्ली: अमेरिकेतल्या छोट्या गावाचा इतिहास घरबसल्या कसा शोधावा

अमेरिकेतल्या छोट्या गावातली जुनी गोष्ट शोधताना पहिला मोह होतो तो माणसाचं नाव टाकून शोधायचा. तो आवरा. नावं तिथल्या दप्तरात मोडतात, जागा मोडत नाही. आधी एक जागा धरा, मग चार-पाच वर्षांचा काळ धरा, आणि नावाकडे सगळ्यात शेवटी या.

उदाहरणाला ऑरेगन राज्यातलं ॲस्टोरिया घेऊ. कोलंबिया नदीच्या मुखाशी 1811 साली फरच्या व्यापाराचं ठाणं म्हणून सुरू झालेलं हे गाव पुढे सामन मासे डबाबंद करणारे कारखाने आणि लाकडाच्या गिरण्या यांवर वाढलं. गावाच्या पूर्वेला अल्डरब्रुक भागात हॅमंड लंबर कंपनीची गिरणी होती. तिथे काम करणारे पंजाबी मजूर ज्या वस्तीत राहत, तिला गावकरी ‘हिंदू ॲली’ म्हणत. 1913 साली याच गावातल्या फिनिश समाजवाद्यांच्या हॉलमध्ये सभा झाली आणि भारताच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी, पुढे गदर पार्टी म्हणून ओळखली गेलेली संघटना उभी राहिली. सोहनसिंग भकना अध्यक्ष झाले. लाला हरदयाळ तिथे होते.

कामाची सुरुवात नकाशापासून करा. आगीच्या विम्यासाठी सॅनबॉर्न कंपनीने काढलेले गावोगावचे नकाशे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. प्रमाण साधारण एका इंचाला 50 फूट, त्यामुळे एकेक घर सुटं दिसतं. पिवळा रंग म्हणजे लाकडी बांधकाम, गुलाबी म्हणजे वीट, निळा म्हणजे दगड. घरावर ‘डी’ असेल तर राहतं घर, ‘एस’ असेल तर दुकान. पान मोठं करून कडा नीट बघा. काही ठिकाणी जुन्या छपाईवर कागदाचा छोटा तुकडा चिकटवलेला दिसेल. ती नंतरची दुरुस्ती. अशा पानावर एकाच नकाशात दोन काळ मिसळलेले असतात, म्हणून पहिल्या पानावरचं साल सगळ्या घरांना लावलंत की फसलात.

ॲस्टोरियात आणखी एक अडचण आहे. जुनी बाजारपेठ भरतीच्या पाण्यावर लाकडी खांब ठोकून उभी केलेली होती. 8 डिसेंबर 1922च्या पहाटे लागलेली आग रस्त्यांच्या खालून, त्या खांबांमधून पसरली आणि बाजारपेठ जळून गेली. हॅमंडची गिरणीही त्याच वर्षी जळाली. त्यामुळे आजच्या नकाशावरून 1913ची इमारत ओळखायला जाऊ नका. आगीआधीचा सॅनबॉर्न नकाशा समोर ठेवूनच पत्ते जुळवा.

दुसरी पायरी जनगणनेची. तिथल्या जनगणनेची घराघरांची पानं 72 वर्षांनी खुली होतात. 1950ची एप्रिल 2022मध्ये खुली झाली. 1910च्या पानांवर 15 एप्रिलची स्थिती आहे, 1920च्या पानांवर 1 जानेवारीची. इथे वंशाचा रकाना नीट वाचायला शिका. 1910मध्ये हिंदी, म्हणजे भारतीय, माणसासाठी वेगळी खूण नव्हती. प्रगणकाने ‘ऑट’, म्हणजे इतर, असं लिहून डाव्या समासात वंश लिहायचा, अशी सूचना होती. 1920मध्ये ‘हिन’ ही खूण आली. ‘इन’ म्हणजे मात्र अमेरिकेतले मूळ रहिवासी. यादी तयार करणाऱ्याने एक अक्षर चुकवलं की शीख मजूर भलत्याच रकान्यात जातो. म्हणून नुसत्या सूचीवर विसंबू नका. गिरणीजवळच्या विभागाची मूळ हस्तलिखित पानं ओळीने चाळा. एका छताखाली आठ-दहा पुरुष, सगळ्यांचा धंदा लाकडाची गिरणी आणि जन्म भारतात, असं दिसलं की जागा सापडली. बहुतेकांचं आडनाव सिंग असल्याने माणूस पटवायला वय, अमेरिकेत आल्याचं साल आणि शेजारच्या ओळी एकत्र जुळवाव्या लागतात.

1890ची जनगणना जवळजवळ सगळी 1921च्या आगीत आणि त्यानंतर नष्ट झाली. मासे कारखान्यांतल्या चिनी कामगारांच्या मागावर असाल तर 1880 आणि 1900च्या मधली पोकळी गावच्या डिरेक्टरीने, म्हणजे रहिवाशांच्या नावपत्त्यांच्या छापील यादीने, भरा, पण मजुरांची नावं डिरेक्टरीवाले बऱ्याचदा गाळत, हे धरून चला.

मग वर्तमानपत्रं. ऑरेगन विद्यापीठाच्या ग्रंथालयाने राज्यातली जुनी पत्रं मोफत खुली केली आहेत. मायक्रोफिल्मवरून यंत्राने वाचलेला मजकूर गचाळ असतो, त्यामुळे शोध रिकामा आला म्हणजे बातमी नाही असं समजू नका. ‘हिंदू’ शब्द शेवटी ‘यू’ लावून शोधा आणि ‘डबल ओ’ लावूनही. तेव्हाची पत्रं शिखांनाही सर्रास हिंदूच म्हणत. ‘सिंग’ टाकलंत तर गाण्याच्या कार्यक्रमांचा ढीग येईल, त्यापेक्षा गिरणीचं नाव टाका. तारीख कळली की तिच्या पुढचे तीन-चार अंक पूर्ण वाचा. कोर्टाची बातमी मारामारीच्या बातमीनंतर येते. पोर्टलंडजवळच्या सेंट जॉन्स गावात 21 मार्च 1910ला हिंदी मजुरांवर हल्ला झाला, आणि त्याच वर्षीची जनगणना साडेतीन आठवड्यांनी झाली. सेंट जॉन्सचा माणूस तिथे सापडला नाही तर नदीकाठच्या दुसऱ्या गिरणीगावांची पानं उघडा.

मालकांच्या बाजूचं पत्र वाचलंत तर कामगारांचंही वाचा. ॲस्टोरियात 1907पासून ‘तोवेरी’ हे फिनिश समाजवादी पत्र निघत असे. फिनिश येत नसलं तरी तारखेवरून पान शोधून त्याचं यांत्रिक भाषांतर करता येतं. ते कच्चं असतं, पण कोणाची सभा कुठे होती एवढं कळतं, आणि ही गोष्ट फिनिश हॉलशिवाय पुरी होत नाही.

मराठी वाचकाला इथे एक धागा जवळचा आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे त्या काळात ऑरेगनमधल्या कॉर्व्हालिसच्या शेतकी कॉलेजात शिकले आणि गदरच्या कामात पुढे होते. त्यांना शोधताना आडनावाचं एकच स्पेलिंग धरू नका. कॉलेजची वार्षिकं आणि विद्यार्थ्यांच्या छापील याद्या ‘के’ अक्षराखाली पूर्ण वाचा, आणि गावाच्या रकान्यात भारत शोधा.

शेवटी गावाला पत्र लिहा. ॲस्टोरियात क्लॅटसप काउंटी हिस्टॉरिकल सोसायटी आहे. ‘हिंदूंबद्दल काही आहे का’ असं विचारलंत तर उत्तर गोल येईल. एका पत्रात एकच प्रश्न, त्यात रस्ता, साल आणि तुम्ही आधी काय पाहिलंत ते लिहा. फोटो हवा असेल तर मोबदला आणि छापण्याची परवानगी आधीच विचारा.

लिहायला बसलात की प्रत्येक वाक्याशेजारी त्याचा कागद नोंदवून ठेवा. 1913च्या सभेची तारीख वेगवेगळ्या लिखाणांत वेगळी मिळते, कारण काही जण आधीच्या बैठकाही त्यातच मोजतात. तिथे एक तारीख निवडून ठोकून देऊ नका. कोणती बैठक कुठल्या गावात, कोणत्या हॉलमध्ये, हे सुटं करून लिहा.