वीरलोकाचा डाव: रोज मरून रोज उठणाऱ्या वीरांचा खेळ तापीकाठी कसा मांडावा

पडलेला वीर पहाटे पुन्हा उठतो आणि सूर्य वर आला की परत रणात उतरतो, असा लोक, म्हणजे असं जग, टेबलावरच्या भूमिकाखेळासाठी फार सुंदर. पण तो तसाच्या तसा मांडला तर दुसऱ्याच बैठकीत खेळाडू फासे आळसाने टाकायला लागतात. मरणाला किंमत नाही म्हटल्यावर लढाईला कुठली असणार? त्यामुळे नकाशा, शस्त्रं, शत्रू यांच्या आधी एक गोष्ट ठरवून घ्यावी: इथे मेल्यावर नेमकं काय जातं?

याचं उत्तर महाभारताच्या वनपर्वात आहे. राजर्षी इंद्रद्युम्न स्वर्गातून खाली पडतो, कारण पृथ्वीवर त्याची कीर्ती कुणालाच आठवत नाही. तो मार्कंडेयाला विचारतो, घुबडाला विचारतो, नाडीजंघ बगळ्याला विचारतो. कुणालाच ओळख पटत नाही. शेवटी अकूपार नावाचं कासव त्याला ओळखतं, कारण ते राहतं ते सरोवर इंद्रद्युम्नाने दान दिलेल्या गाईंच्या खुरांनी झालेलं असतं. एकाने ओळखलं आणि राजाचा स्वर्ग परत मिळाला. आपल्या डावाचा कणा हाच. वीरलोकात जीव जात नाही, आठवण जाते.

उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स लोकांच्या वाल्हालाकडून, म्हणजे रणात पडलेल्यांच्या स्वर्गाकडून, दोन गोष्टी जरूर घ्याव्यात. तिथले वीर दिवसभर एकमेकांना कापतात आणि संध्याकाळी एकाच पंगतीला बसतात. सेह्रिम्निर नावाचं रानडुक्कर रोज शिजतं आणि संध्याकाळी पुन्हा धडधाकट होतं. दुसरी गोष्ट, त्यांच्या लढण्याला कारण आहे. राग्नारोकच्या दिवशी, म्हणजे जगाच्या शेवटच्या लढाईत, राक्षसी लांडग्याशी लढायला ५४० दारांतून प्रत्येकी ८०० वीर बाहेर पडतील, असं ग्रिम्निसमाल या जुन्या काव्यात आहे. गुणाकार ४,३२,००० येतो, आणि आपल्याकडे कलियुगाची वर्षंही तेवढीच. पहिल्या बैठकीत हा आकडा एखाद्या म्हाताऱ्या वीराच्या तोंडी घालावा, टेबल एकदम शांत होतं. राग्नारोक मात्र घेऊ नये. आपल्याला रोजच्या लढाईसाठी रोजचं कारण लागतं, आणि ते वीरगळावर, म्हणजे पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभ्या केलेल्या दगडावर, कोरलेलं आहे.

वीरगळ खालून वर वाचतात. सगळ्यात खाली लढाई, आणि वीर गाई सोडवताना पडला असेल तर तिथेच गाई. त्याच्या वर त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर शिवलिंगापुढे बसलेला तोच वीर. आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. वरच्या कप्प्यात तो लढत नाही, हे नीट लक्षात घ्यावं. म्हणजे आपला वीरलोक खालच्या कप्प्यात अडकलेल्यांचा: ज्यांचा दगड आडवा पडला, बांधात गेला, ज्यांचं नाव गावाला सांगता येत नाही, त्यांचा. ते रोज तीच गाईंची लढाई लढतात. वरचा कप्पा ही सुटकेची जागा.

सामान

खेळाडू चार, फार तर पाच, आणि खेळ चालवणारा एक सूत्रधार. सहा बाजूंचे दोन फासे, लुडोचे चालतात. एक ड्रॉइंग शीट, चिंचोके पन्नासेक, वीरांसाठी रंगीत बटणं, आणि प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढं एक जाड कार्ड. कार्डावर पेननेच लिहावं. पेन्सिलीने लिहिलेली आठवण खोडरबराने नाहीशी होते. पेनची ओळ काट मारूनही खाली दिसत राहते, आणि ती दिसत राहिलीच पाहिजे.

वीराचं कार्ड

हात, पाय, जीभ हे तीन गुण. त्यांत मिळून ६ गुण वाटायचे, कुठल्याही गुणाला १ पेक्षा कमी नाही, ३ पेक्षा जास्त नाही. कसोटी एकच: दोन फासे टाकून गुण मिळवायचा, बेरीज ९ किंवा जास्त झाली की जमलं. गुण १ असेल तर शंभरात साधारण ४२ वेळा जमतं, २ ला ५८, ३ ला ७२. हा उंबरठा ८ वर आणू नये. मग ३ गुणवाला ८३ वेळा जिंकतो आणि सगळे हातालाच ३ देऊन बसतात. प्राण प्रत्येकाला ४.

मग नाव, आणि नावाखाली पाच आठवणी. डावातला सगळ्यात महत्त्वाचा वेळ हा. इथे अर्धा तास गेला तरी जाऊ द्यावा. आईचं किंवा बापाचं नाव, गावातली एक जागा, एक चव, ज्याच्यासाठी मेला ते माणूस किंवा जनावर, आणि एक राहून गेलेली गोष्ट. आठवण हातात धरता येईल इतकी ठोस हवी. ‘माझं बालपण’ पुसलं गेलं तर कुणाला काही वाटत नाही. ‘पांझरेच्या काठची वाकडी चिंच’ पुसायची वेळ आली की खेळाडूचा पेन थांबतो. सूत्रधाराने गुळमुळीत आठवण परत लिहायला लावावी, भीड धरू नये.

नियम असा: वीर पडला की दुसऱ्या पहाटे चारही प्राण घेऊन उठतो, पण एक आठवण काटतो. कोणती, ते खेळाडूच ठरवतो आणि मोठ्याने वाचून काटतो. पाचही गेल्या की पुढच्या मरणाला नाव जातं. मग कार्ड सूत्रधाराकडे जमा, आणि पुढच्या दिवशी तोच वीर समोरच्या फळीत निनावी उभा. नवीन गटाला हा नियम क्रूर वाटतो. तरी तो सैल करू नये.

रणभूमी

शीटवर आडव्या १० आणि उभ्या ८ चौकटी आखाव्यात. वरून पहिल्या तीन ओळी उत्तरकाठ, म्हणजे सातपुड्याची बाजू. चौथी-पाचवी तापी, पूर्वेकडून पश्चिमेला वाहणारी. सहावी ते आठवी दक्षिणकाठ. तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या स्तंभात नदीला उतार द्यावा. तापीचे काठ उंच आणि घळींनी कापलेले असतात, जनावरं कुठूनही उतरत नाहीत. म्हणून कळप फक्त उतारावरूनच जातो. माणसाला दुसरीकडून पाण्यात शिरायचं असेल तर पायाची कसोटी. चुकली तर ती फेरी काठावरच.

पहिल्या ओळीत प्रत्येक उतारासमोर ४ चिंचोके ठेवावेत: १२ गाई, तीन कळप. वीर आठव्या ओळीत. चार खेळाडूंसमोर सहा शत्रू, प्रत्येक उताराशी तिसऱ्या ओळीत दोन. त्यांना २ प्राण, गुण सगळे १. पाचवा खेळाडू असेल तर मधल्या उताराशी एक शत्रू वाढवावा.

दिवस चार प्रहरांचा, प्रत्येक प्रहराच्या दोन फेऱ्या, एकूण ८. वीर एका फेरीत पाय अधिक एक इतक्या चौकटी चालतो आणि शेजारी शत्रू असेल तर हाताची कसोटी घेतो. जमली की समोरचा एक प्राण जातो. शत्रूचंही तसंच. कळपाशेजारी पोचलेला वीर पुढच्या फेरीपासून तो हाकतो: जमिनीवर दोन चौकटी, पाण्यात एक. हाकणारा वार करत नाही, आणि त्याच्याशेजारी शत्रू आला की कळप थांबतो. चौथ्या आणि पाचव्या फेरीत ऊन डोक्यावर असतं. त्या फेऱ्यांत नदीबाहेर घेतलेल्या प्रत्येक कसोटीतून १ वजा. मे महिन्यातल्या भुसावळच्या दुपारी ज्याने काम केलंय त्याला हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

आता हिशेब पाहा. कळप पहिल्या ओळीतून आठवीत आणायला पाच फेऱ्या लागतात. पाय १ असलेला वीर कळपापर्यंत तीन फेऱ्यांत पोचतो, म्हणजे आठच्या आठ संपल्या. पाय २ किंवा ३ वाला दोन फेऱ्यांत पोचतो, त्याला एक फेरी उरते. म्हणून सगळे लढत बसले तर गाई येत नाहीत आणि सगळे धावले तर मारले जातात. कुणीतरी शत्रूला उतारावर अडवून धरायचं, बहुतेक वेळा पडायचं, आणि दुसऱ्याने कळप काढायचा. कोण पडणार हे वीर आपापसांत ठरवतात, आणि ते ठरवताना प्रत्येकाची नजर आपल्या कार्डाकडे जाते. ८ किंवा जास्त गाई पार झाल्या की दिवस जिंकला.

दिवसाला एक-दोन वीर पडावेत. कुणीच पडत नसेल तर दोन शत्रू वाढवावेत. तीन-चार पडत असतील तर शत्रूचे प्राण १ करावेत. उंबरठ्याला हात लावू नये, त्याने सगळंच हलतं.

पहाट, पंगत, रात्र

बैठक तीन तासांची. पहाटेला पंधरा मिनिटं, रणाला सव्वा तास, पंगतीला अर्धा तास, रात्रीला उरलेला वेळ.

पहाटे वेशीवर एक म्हातारी बसलेली असते. ती प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते: “तुन्हं नाव काय शे?” खेळाडूने नाव सांगायचं आणि शिल्लक असलेली एक आठवण. मागच्या बैठकीत काय झालं याची वेगळी उजळणी करायची गरज राहत नाही. काल पडलेल्याने आठवण इथेच काटायची, रणात नाही. रणात काटायला लावली तर घाईत काटली जाते.

पंगतीत शत्रूही बसतात. रानडुकराच्या जागी इथे भरताच्या वांग्यांचं शेत आहे: संध्याकाळी कपाशीच्या काड्यांवर सगळी वांगी भाजायची, पहाटे झाडं पुन्हा लगडलेली. सोबत कळण्याची भाकरी. दर पंगतीला सूत्रधाराने एका शत्रूला नाव आणि एक आठवण द्यावी, जास्त नाही. सहा बैठकांत सहाही शत्रू ओळखीचे होतात आणि उतारावरचा वार जड होतो.

पंगतीपासून पहाटेपर्यंत शस्त्र उचलायचं नाही. ज्याने उचललं त्याची त्या रात्रीची जखम कधीच भरत नाही: प्राण कायमचे ३. हा नियम अश्वत्थाम्याचा. त्याने झोपलेल्यांना मारलं आणि न भरणारी जखम घेऊन तो फिरत राहिला. अक्राणी तालुक्यातल्या अस्तंब्याच्या शिखरावर दिवाळीत लोक त्याच्याच यात्रेला जातात. तिथे तो श्रद्धास्थान आहे, म्हणून त्याला पात्र म्हणून पटावर आणू नये. नियम पुरेसा आहे.

रात्री वीर जिवंतांच्या गावात स्वप्नातून जातो. एका बैठकीत दोघांचीच पाळी. बाकीचे खेळाडू त्याच्या वंशातली माणसं होतात. जिभेची कसोटी, दिवस जिंकला असेल तर १ अधिक. जमली तर काटलेली एक आठवण परत मिळते, पण गावाला जशी ठाऊक आहे तशी. वीर गाई सोडवताना पडला होता. गाव सांगतं, त्याने वाघ मारला. बहुतेक वीरगळांवर अक्षरंच नसतात, कितीतरी दगड शेंदूर लावून देव म्हणून पुजले जातात, त्यामुळे गोष्ट बदलणारच. ती बदललेलीच कार्डावर लिहायची. काटलेलं काही नसेल तर गावाची गोष्ट नवी आठवण म्हणून खाली जोडायची. वंशज झालेल्या खेळाडूने दोन-तीन वाक्यांतच बोलावं. रात्र लांबली की प्रवचन होतं.

आठ बैठकांचा डाव धरला तर चौथी बैठक धूलिवंदनाची आणि आठवी आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. धूलिवंदनाला घरातला वीराचा टाक (धातूच्या पत्र्यावरची प्रतिमा) घेऊन वाजतगाजत मिरवतात, आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात. या दोन रात्री सगळ्यांची पाळी, कसोटी नाही. कार्डावर नाव शिल्लक असलं की आठवण मिळतेच. निनावी झालेल्याला मात्र काही मिळत नाही, कारण हाक कुणाच्या नावाने मारणार?

गावाकडून तीन आठवणी आल्या की त्याचा दगड गावकरी उभा करतात आणि वरचा कप्पा उघडतो. जायचं की अजून काही दिवस सोबत्यांसाठी उतार अडवायचा, हे खेळाडूने ठरवावं. गेला तर त्याचं कार्ड शीटच्या वरच्या कडेला चिकटवायचं आणि पुढच्या बैठकीपासून त्याने त्याच वीराचा वंशज खेळायचा.

दोन पथ्यं कडक पाळावीत. शत्रूच्या फळीला कुठल्याही खऱ्या जातीचं किंवा जमातीचं नाव देऊ नये. तेही आपल्यासारखेच दगड हरवलेले वीर आहेत, तेवढं पुरे. आणि कुणाच्या घरच्या टाकाचं, किंवा इतिहासात खरोखर पडलेल्या माणसाचं नाव वीराला देऊ नये. खऱ्या नावावर काट मारायची वेळ आली की टेबलावरचा एक माणूस दुखावतो आणि खेळ तिथेच संपतो.

एखादा खेळाडू आला नाही तर त्याचा वीर त्या दिवशी वेशीवर म्हातारीजवळ बसतो: ना पडतो, ना आठवण काटतो. शत्रू दोन कमी करावेत, आणि दोनच कळप ठेवून दोन्ही पार झाले तरच दिवस जिंकला असं धरावं.