पैसा आहे, कागद नाही: व्हिएतनामी विद्यार्थ्याची ऑस्ट्रेलियाची फाइल

भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हिसा-फायलींवर हात बसलेला माणूस पहिली व्हिएतनामी फाइल उघडतो आणि दोन ठिकाणी अडखळतो: नावात आणि पैशात. मार्कांवर अर्ज क्वचितच अडतो. तिथल्या घरांत पैसा असतो, तो कुठून आला हे सांगणारा कागद नसतो. म्हणून फाइल प्रवेशपत्रापासून नाही, बँकेपासून बांधायला घ्या. उदाहरण म्हणून व्हिएतनाममध्ये बारावी करून फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात पदवीला जाणारी विद्यार्थिनी धरली आहे.

नाव, नंबर, पत्ता

समजा पासपोर्टवर 'न्गुयेन थी मिन्ह आन' आहे. आडनाव पहिलं, हाक मारायचं नाव शेवटचं. फॉर्मवर आडनावाच्या रकान्यात न्गुयेन आणि उरलेले तिन्ही शब्द दिलेल्या नावात. मधला शब्द गाळू नका. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, तिथे तसं नसतं. पासपोर्टवर पूर्ण नाव एकाच ओळीत छापलेलं असेल आणि शंका आली तर पानाच्या तळाची यंत्राने वाचायची ओळ पाहा. तिथे आडनाव वेगळं काढलेलं असतं. पत्रात 'प्रिय न्गुयेन' लिहिलंत तर अर्धा वर्ग वळून बघेल. 'आन' किंवा 'मिन्ह आन' लिहा.

तिथे बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत. ठेव आईच्या नावावर असेल तर नातं फक्त जन्मदाखल्यावर दिसतं, तो विसरू नका.

ओळखपत्राचा नंबर आता १२ अंकी आहे. जमिनीच्या किंवा बँकेच्या जुन्या कागदांवर ९ अंकी नंबर सापडतो. दोन्ही नंबर एकाच माणसाचे आहेत असा दाखला घ्या, नाहीतर तपासणाऱ्याला ती दोन माणसं वाटतात. पत्त्याचंही तेच. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामचे ६३ प्रांत ३४ झाले आणि जिल्हा ही पायरीच गेली. बिन्ह झुओंग हा प्रांत हो ची मिन्ह शहरात विलीन झाला. जुने कागद बाद झालेले नाहीत, पण पत्ते का जुळत नाहीत हे सोबतच्या पत्रात दोन ओळींत लिहा. आणि कुटुंब-नोंदणीची वही मागू नका. ती १ जानेवारी २०२३ पासून चालत नाही, तरी कित्येक यादीपत्रकांत अजून ठाण मांडून आहे. त्याऐवजी निवासाचा दाखला मागा.

पैसा

आधी आकडे वाचायला शिका. तिथे हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम. '५००.०००.०००' म्हणजे पन्नास कोटी डोंग, आणि गुणपत्रिकेतले '८,५' म्हणजे साडेआठ. बोलताना 'त्रिऊ' म्हणजे दहा लाख, 'ती' म्हणजे अब्ज. एक शून्य इकडचं तिकडे झालं की सगळा हिशेब चुकतो.

दाखवायची रक्कम: वर्षाच्या राहणीखर्चाचे २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर (मे २०२४ पासूनचा आकडा, अर्जाआधी पुन्हा तपासा), पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च. पालकांचं वार्षिक उत्पन्न दाखवण्याचा दुसरा मार्गही आहे, पण त्याला सरकारी पुरावा लागतो. दुकानदाराच्या घरात तो कामाचा नसतो. घरगुती व्यवसायांना २०२५ अखेरपर्यंत ठोक कर असायचा, तो भरल्याच्या पावत्यांवरून खरी कमाई कळत नाही. १ जानेवारी २०२६ पासून ठोक कर बंद झाला, तरी मागच्या वर्षांचे कागद तसेच राहणार. अशा घराने ठेवीचाच मार्ग धरावा.

बचतपुस्तक आणि बँकेचा शिल्लक-दाखला दोन्ही घ्या. पण नुसती शिल्लक पुरत नाही. पंधरा दिवसांपूर्वी एकरकमी भरलेली ठेव उसनी वाटते, आणि बऱ्याचदा असतेही. ठरावीक पैसे घेऊन ठेव 'उभी करून' देणारे लोक बाजारात आहेत. खोटा कागद सापडला तर व्हिसा जातोच, शिवाय तीन वर्षं दार बंद होऊ शकतं.

डाक लाक या प्रांतातलं कॉफी पिकवणारं घर घ्या. तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारी. पुष्कळ शेतकरी माल वाळवून गावच्या व्यापाऱ्याकडे ठेवतात आणि भाव चढला की विकतात. म्हणजे वर्षभर खात्यात शुकशुकाट आणि एक दिवस मोठी रक्कम. व्हिसा अधिकाऱ्याला हे संशयास्पद दिसणारच. उपाय: जमिनीचं लाल पुस्तक (जमिनीच्या हक्काचा दाखला), लागवडीचं क्षेत्र सांगणारा स्थानिक लोकसमितीचा (म्हणजे स्थानिक प्रशासनाचा) दाखला, व्यापाऱ्याच्या मालजमेच्या आणि विक्रीच्या चिठ्ठ्या (हाताने लिहिलेल्या असल्या तरी), आणि त्याच तारखांच्या बँकेतल्या नोंदी. हे चार कागद एकापुढे एक लावा. कुठली चिठ्ठी कुठल्या नोंदीची, ते पेन्सिलने नको, सोबतच्या तक्त्यात लिहा. सगळ्याचं नोटरी केलेलं इंग्रजी भाषांतर जोडा.

शाळा आणि उत्तरं

गुणपुस्तिका दहावी ते बारावीची, गुण १० पैकी. ८ म्हणजे तिथे उत्तम. टक्केवारीत बदलायच्या भानगडीत पडू नका. अकरावी आणि बारावीच्या पहिल्या सत्रावर सशर्त प्रवेश घ्यायचा, जूनच्या परीक्षेनंतर तात्पुरता उत्तीर्ण-दाखला जोडून अट काढायची. मूळ प्रमाणपत्राची वाट पाहत बसलात तर महिने जातात.

व्हिसा अर्जातल्या 'खरा विद्यार्थी' कसोटीची प्रश्नावली मार्च २०२४ पासून आहे. दर उत्तराला कमाल १५० शब्द, इंग्रजीत. एजंटची तयार उत्तरं तिथेच ओळखू येतात: शहराची स्तुती भरपूर, विषयाचं नाव नाही. मुलीला आधी व्हिएतनामीत लिहायला लावा. हाच कोर्स घरी का नको, कुठले विषय शिकणार, परत आल्यावर काय करणार, एवढं आलं की पुरे.

कॅलेंडर

वैद्यकीय तपासणी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच होते. छातीच्या एक्स-रेत जुना डाग निघाला तर थुंकीचे नमुने सलग तीन दिवस घेतात आणि कल्चरला (जंतू वाढतात का पाहायच्या चाचणीला) आठ आठवडे लागतात. टीबी व्हिएतनाममध्ये दुर्मिळ नाही. म्हणून तपासणी सप्टेंबरमध्ये करा, डिसेंबरमध्ये नाही. तेतच्या (व्हिएतनामी नववर्षाच्या) सुट्टीत बँक, नोटरी, शाळा सगळंच बंद. २०२७ चा तेत ६ फेब्रुवारीला आहे. सातव्या चांद्रमहिन्यात काही घरं मोठा व्यवहार टाळतात. फी भरायची तारीख त्यात येत असेल तर आधीच विचारा.

संपर्क 'झालो' (Zalo) या तिथल्या मेसेजिंग अ‍ॅपवर ठेवा, मेल पडून राहतात. आणि आईलाही गटात घ्या. पैशाचा निर्णय पुष्कळ घरांत तीच करते.

एजंटकडे प्रांताच्या शिक्षण विभागाचा परवाना आहे का पाहा, आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या यादीत त्याचं नाव आहे का तेही. कमिशन विद्यापीठ देतं, त्यामुळे तीनच कॉलेजं पुन्हा पुन्हा सुचवणाऱ्याला चौथ्याबद्दल मुद्दाम विचारा.

फी बँकेतूनच पाठवा. बँक प्रवेशपत्र, फीचं बिल, पासपोर्ट आणि नात्याचा पुरावा मागते. बिलावरचं नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळलं पाहिजे. सोन्याच्या दुकानातून पैसे पाठवणं स्वस्त आणि झटपट वाटतं. पण मग पैसे भलत्याच कुणाच्या नावाने पोचतात, आणि व्हिसा नाकारला गेला तर परतावा कुणाला द्यायचा यावर विद्यापीठाचा हिशेब विभाग आठवडेच्या आठवडे घालवतो.