विश्वामित्रीच्या काठावर पाहुणे पक्षी कसे ओळखावेत

बडोद्यात पक्षी बघायचे म्हटलं की सगळे डभोईजवळच्या वढवाणा तळ्यावर निघतात. पण तिथे बदकं खरी जमतात ती थंडीत. गणपती उठल्यापासून दिवाळीपर्यंत दुरून येणारे पाहुणे पक्षी बघायला कमाटीबागेच्या आसपास विश्वामित्री नदीकाठी माजलेली वेडी बाभूळ (इथला गांडो बावळ), एरंड आणि गवत पुरेसं आहे. दोनशे-तीनशे पावलांची एकच पट्टी धरा आणि आठवड्यातून दोनदा तीच बघा. जागा बदलत राहिलात, तर कालपर्यंत नसलेला पक्षी आज आलाय हे कळणारच नाही.

सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, त्याआधी पोचा. ऊन पाठीवर घेऊन उभं राहा, नाहीतर प्रत्येक पक्षी नुसता काळा दिसतो. रात्रभर उडून उतरलेले वटवटे (झुडपांतले छोटे किडेखाऊ पक्षी, इंग्रजीत वॉर्बलर) पहिले दोन तास भराभरा किडे टिपतात, मग ऊन चढलं की झाडं गप्प होतात. नदीत मगरी आहेत. पाण्यापासून चांगलं लांब राहा आणि उंच गवतात शिरू नका.

दुर्बीण 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच 42 मिमीची) घ्या आणि घरीच जुळवा. उजवी पुढची काच झाका, डाव्या डोळ्याने मधलं चाक फिरवून लांबची पाटी स्वच्छ करा. मग डावी काच झाका आणि उजव्या डोळ्याकडचं कडं फिरवून तीच पाटी स्वच्छ करा. पुढे फक्त मधलं चाक वापरायचं. हे राहून गेलं तर चित्र कायम किंचित धूसर राहतं आणि डोकं दुखतं. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबर खाली करा.

खरी कसोटी वटवट्यांची. रंगावर जाल तर फसाल, पानांतून उतरलेल्या उजेडात सगळेच मातकट-हिरवे दिसतात. आधी पक्षी कुठल्या उंचीवर आहे ते बघा, मग कान द्या. झुडपाच्या बुडाशी, दोन गारगोट्या आपटल्यासारखं ‘चक्, चक्’ येत असेल तर बहुधा ब्लिथचा वटवट्या. शेंड्यात सतत हलणारा, बारीक ‘चिस्-ली’ करणारा आणि पंखावर एक फिकट रेघ असलेला तो हिरवट वटवट्या. बाभळीत राखाडी डोकं, गालावर गडद डाग आणि पांढराशुभ्र गळा दिसला की तो शुभ्रकंठी वटवट्या.

लाल छातीच्या माशीमाराची छाती शरदात बहुतेकदा लाल नसतेच, मादी आणि पिल्लं मळकट पांढरी असतात. शेपूट बघा: काळी, बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे चट्टे, आणि वर झटकण्याची सवय. धोबी पक्ष्यांतली चूक नेहमीची. काळं डोकं आणि पांढरी भुवई असलेला मोठा धोबी बारमाही इथलाच. पाहुणा असतो तो पांढऱ्या चेहऱ्याचा.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका, त्याची खाण्याची वेळ वाया जाते.

वहीत वेळ, संख्या आणि झाड लिहा. ज्या दिवशी काहीच नवं दिसलं नाही तो दिवसही लिहा. ठिपकेवाला माशीमार आफ्रिकेच्या वाटेवर इथे थोडाच टेकतो. नुसती पहिली तारीख नोंदवली, तर तो कधी गेला हे वहीतून निघणार नाही.