सेमी-हॉलो गिटारचा टेलपीस बदलताय? या चुका टाळा

टेलपीस, म्हणजे गिटारच्या तारांची मागची टोकं अडकवणारा धातूचा भाग, बदलून द्या म्हणत कोणी आलं, की मी आधी विचारतो: गिटारच्या पोटात काय आहे ते बघितलंत का? बहुतेकांनी बघितलेलं नसतं, आणि सगळ्यात महागात पडते ती हीच चूक.

१९५८ साली आलेली गिब्सन ईएस-३३५ सेमी-हॉलो, म्हणजे अर्धपोकळ. तिच्या मधोमध मेपलचा भरीव ठोकळा असतो. वरच्या फळीवरच बसणाऱ्या स्टॉप टेलपीसचे दोन स्टड (जाड खुंट्या) त्यात घट्ट बसतात. एपिफोन कसिनो दिसायला तिची सख्खी बहीण, पण आतून पूर्ण पोकळ. म्हणून तिला ट्रॅपीझ, म्हणजे बुडाला स्क्रूने बसणारा टेलपीस, असतो. त्यात तारांची ओढ वरच्या पातळ फळीवर न येता बुडाच्या लाकडावर जाते.

एका कॉलेजच्या मुलाला कसिनोवर ३३५चा सस्टेन, म्हणजे सूर लांबत राहणं, हवा होता. कोणाला न विचारता त्याने घरीच ड्रिल चालवलं आणि स्टड ठोकले. दहाच्या सेटमधल्या (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंचाची) सहा तारा मिळून साधारण ४५ किलोने ओढतात. तिसऱ्या दिवशी तो गिटार घेऊन आला तेव्हा दोन्ही स्टड पुढे झुकले होते, फळी उचलली गेली होती आणि भोकांच्या कडेला प्लायचे थर सुटले होते. एफ-होलमधून, म्हणजे फळीवरच्या एफ आकाराच्या खाचेतून, हात घालून आतून लाकडी पट्टी चिकटवण्यात माझा आठवडा गेला. ट्रॅपीझ परत बसवला. गिटार वाजते, पण ते दोन डाग कायमचे राहिले. फार वाईट वाटलं मला.

एफ-होलमध्ये टॉर्च मारा. ठोकळा असेल तर समोर लाकडाची भिंत दिसते, नसेल तर पलीकडच्या एफ-होलमधून उजेड बाहेर पडतो. ठोकळा नसलेल्या गिटारला मी स्टॉप टेलपीस बसवत नाही, कितीही पैसे द्या.

दुसरी चूक म्हणजे स्टॉप टेलपीस पार तळाला आवळणं. त्याने सस्टेन वाढतो असं कुठेतरी वाचलेलं असतं. प्रत्यक्षात तार सॅडलवरून (ब्रिजवरच्या, तार टेकते त्या तुकड्यावरून) उतरताना ब्रिजच्या मागच्या कडेला घासते, तिथेच तुटते, आणि जादा दाबाने ब्रिज हळूहळू मधे बसतो. मी त्या कडेशी तारेखालून कागद सहज सरकेल इतका टेलपीस वर ठेवतो. बोटांनाही ते बरं वाटतं.

ट्रॅपीझचा सूर थोडा मऊ सुटतो. ब्रिजमागच्या तारेचा तुकडा लांब असल्याने तो स्वतःही झणझणतो. लोक पिकअपला, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकाला, दोष देतात. तिथे तारांमधून फेल्टची पट्टी ओवा, काम झालं. गिब्सननेही १९६५च्या सुमारास ३३५ला ट्रॅपीझ लावला होता आणि त्या गिटारही सुरेख वाजतात, तेव्हा त्याला उगाच हलकं समजू नका.

बिग्स्बीवर, म्हणजे दांडीने सूर हलवता येणाऱ्या टेलपीसवर, सूर उतरतो? आधी नटच्या (मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचांत पेन्सिलीचं शिसं घासा.

नव्या टेलपीसबरोबर नव्या ताराही चढतात आणि खुललेल्या आवाजाचं श्रेय टेलपीसला मिळतं. आधी जुन्याच टेलपीसवर नव्या तारा लावून दोन दिवस वाजवा.

आणि ग्राउंडची वायर, म्हणजे तारांना आतल्या वायरिंगशी जोडून घुमघुम थांबवणारी वायर, विसरू नका. तारांना हात लावूनही घुमघुम थांबत नसेल, पण जॅकच्या धातूला लावताच थांबत असेल, तर वायर टेलपीसला पोचलेलीच नाही. ट्रॅपीझ बसवताना ती त्याच्या पट्टीखाली, लाकूड आणि धातूच्या मधे दाबून स्क्रू आवळायचा.