पाडव्याच्या रात्री खोलीवर दहा जणांचे जेवण

परीक्षेमुळे पुण्यातच राहिलेल्या मित्रांना दिवाळी पाडव्याला जेवायला बोलवायचे असेल, तर मसालेभात, मठ्ठा आणि श्रीखंड एवढेच पदार्थ ठेवावेत. त्या दिवसांत बहुतेक मेस बंद असतात, आणि सणाला कोणी वडापाववर राहू नये, असे मला मनापासून वाटते.

दहा जणांना 1 किलो तांदूळ पुरतो. मटार तेव्हा महाग असतात, म्हणून मंडईतून तोंडलीच आणावीत. गोडा मसाला मात्र घरचाच मागवावा, कारण भाताची सगळी चव त्यावर असते. एवढा भात लहान कुकरमध्ये मावत नाही, त्यामुळे घरमालकीणबाईंकडून जाड बुडाचे पातेले मागून आणावे, फोडणीत तोंडली आणि धुऊन निथळलेले तांदूळ दाणा सुटा होईपर्यंत परतावेत आणि मगच दुप्पट आधणाचे पाणी ओतावे. झाकण काढल्यावर खोबरे, कोथिंबीर आणि थोडे तूप घालावे.

तयार श्रीखंडापेक्षा डेअरीतला अर्धा किलो चक्का आणि तेवढीच साखर स्वस्त पडते. दोन्ही आदल्या रात्री कालवून ठेवावे आणि सकाळी पुरणयंत्रातून काढावे. मठ्ठ्याला 1 लिटर दही पुरे. ताटे ज्याने त्याने आपापली आणावीत.